कॅसेट संपल्यावरचं गाणं

माझी फजिती ऐकायचीय? सांगतो की. पण आधी माझा मोठेपणा ऐकून घ्यावा लागेल, त्याला इलाज नाही. किती उंचावरून पडलो ते कळल्याशिवाय पडण्यात मजा नाही. तुम्ही चहा घ्या, गार होतोय.

तर नव्वदीच्या मध्यावर अख्ख्या अंबरनाथमध्ये आल्टरनेटिव्ह रॉक कळणारा माणूस एकच होता. तो म्हणजे मी. हे मी नाही म्हणत, विठ्ठलवाडीचा पक्या म्हणायचा. पक्या माझा कॉलेजातला दोस्त. त्याला गाण्यातलं काही कळायचं नाही, पण मला कळतं एवढं त्याला कळायचं. मैत्रीला आणखी काय लागतं?

आल्टरनेटिव्ह म्हणजे काय रे, असं आईनं एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, "बहुतेकांना आवडत नाही, पण थोड्यांना फार आवडतं, ते."

"म्हणजे कारलं," आई म्हणाली आणि परत भाजी निवडायला लागली.

याहून चांगली व्याख्या मला आजतागायत सापडलेली नाही.

माझी मतं पक्की होती. ज्या बँडच्या गायकाचे केस विंचरलेले असतील त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. गिटारवाला एकटाच फार वेळ वाजवत बसला की समजायचं, या पोराकडे सांगण्यासारखं काही नाही. ध्रुवपद एकदा आलं तर गाणं, दोनदा आलं तर आग्रह, त्याच्यापुढे आलं की धंदा. आणि ज्या गाण्यावर वरातीत नाचता येतं ते गाणं माझ्या घराचा उंबरा ओलांडून आत येणार नाही. हे सगळं मी पक्याला स्टेशनबाहेरच्या टपरीवर वडापाव खाता खाता सांगायचो, आणि तो तोंडात मिरची धरून मान हलवायचा.

या कानाचा पाया म्हणजे आमचा घरचा टू-इन-वन. चामटोलीचे माझे मामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ, मस्कतला ड्रायव्हर होते. मी पाळण्यात असताना त्यांनी तो बहिणीसाठी आणला, आणि सोबत परदेशी कोऱ्या कॅसेटी. पुढे त्या मशीनची एरियल गेली, झाकण गेलं, प्लेचं बटण दबून राहावं म्हणून आम्ही त्यात काडी खोचायला लागलो. पण आवाज? अहो, तसा भारदस्त आवाज नव्या मशीनला येणं नाही. कुठलंही गाणं लावा, गायक दोन रात्री झोपलेला नाही असं वाटायचं. मला तर तेच हवं होतं.

आईनं एकदा त्यावर शेजारणीकडून आणलेली भजनाची कॅसेट लावली. दोन ओळी ऐकून म्हणाली, "या बुवांना बरं नाहीये का रे?"

मी म्हटलं, "भक्ती अशीच असते, सावकाश." तिनं कॅसेट परत दिली. मीही फार विचार केला नाही. बुवांच्या तब्येतीशी मला काय करायचं होतं?

गाणी मिळायची उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, गोपसेठच्या दुकानात. दुकान कसलं, जिन्याखालची खोपटी. पण गोपसेठचे नातेवाईक सिंगापूरपासून दुबईपर्यंत पसरलेले, त्यामुळे बाहेरच्या अस्सल कॅसेटी तिथे मुंबईच्याही आधी यायच्या. त्यातली हवी ती तो आपल्या कॅसेटवर भरून द्यायचा.

गोपसेठचा एक नियम होता. कॅसेटमध्ये रिकामी जागा सोडायची नाही. गाणी संपली आणि टेप उरली की तो त्यात हाताला येईल ते भरायचा. अर्धी आरती, पाऊण कव्वाली, कुठल्या तरी साडीच्या दुकानाची जाहिरात. "गिराक ने पूरे टेप का पैसा दिया है साईं, खाली कैसे दूँ?" गोपसेठच्या लेखी ती इमानदारी होती. उल्हासनगरात भरून घेतलेल्या कुठल्याही कॅसेटच्या शेवटी असं शेपूट असायचंच, आणि आम्हाला त्याची सवय झाली होती.

अशात तिथे 'द सॉगी लॅडर्स' या बँडची कॅसेट आली. तुम्ही नाव ऐकलं नसेल. कोणीच ऐकलं नव्हतं, म्हणून तर मी लगेच भरायला दिली. नवी कॅसेट घ्यायला खिशात काही नव्हतं, तेव्हा आईच्या खाटेखालच्या ट्रंकेतून मामांच्या मस्कतच्या कॅसेटींपैकी एक उचलली. वर काही लिहिलेलं नव्हतं. चांगली जाडजूड परदेशी टेप. गोपसेठला बजावलं, "सेठ, हे कलेचं काम आहे. बँडची गाणी संपली की थांबायचं. पुढे काही म्हणजे काही भरायचं नाही."

गोपसेठला वाईट वाटलं. "आधा टेप खाली रहेगा."

"राहू दे."

"लोग बोलेंगे गोप ने ठगा."

"मी सांगेन लोकांना." झालं, त्यानं नाइलाजानं ऐकलं.

घरी आणून लावली आणि मी गार पडलो. काय बँड होता हो. पहिल्या गाण्यात ड्रमवाला दोन ठोक्यांमध्ये इतका थांबायचा की वाटावं, गेला कुठे हा. मी पक्याला म्हटलं, "याला घाई नाही बघ. पैशाची नाही, नावाची नाही. हा माणूस दुःखात चालतोय." दुसऱ्या गाण्यात गायक एकेक शब्द विहिरीतून ओढून काढायचा. एक अक्षर कळायचं नाही, पण दुःख असं की माझी तेव्हाची सगळी दुःखं त्यापुढे किरकोळ वाटायला लागली. तिसऱ्या गाण्यावर पक्याला झोप लागली. मी म्हटलं, हाच परिणाम अपेक्षित आहे.

गाणी संपली. खरखर सुरू झाली. मी स्टॉप दाबणार, तेवढ्यात मला आठवलं, रद्दीवाल्याकडच्या एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं की हे आल्टरनेटिव्हवाले कॅसेटच्या शेवटी शांतता ठेवतात आणि मग एक लपवलेलं गाणं टाकतात. त्याचं नाव कव्हरवर नसतं. ज्याला धीर आहे त्यालाच ते मिळतं.

मी धीर धरला. आणि मिळालं ना राव.

आधी धातूवर धातू. टंक... टंक... टंक... सावकाश, निर्दयपणे. मग त्याच्याखाली एक खर्ज, शब्द नसलेला, हुंऽऽ हुंऽऽ असा. मग कच... कच... असं काहीतरी कातरल्यासारखं. मागे कुठेतरी जाड आवाजात लोक हसताहेत, न कळणारं काहीतरी बोलताहेत. आणि या सगळ्यावर तो आवाज. घोगरा, फाटका, पोटाच्या तळापासून निघालेला. गाणं नाहीच ते, टाहो. शेवटी एक भांडं दाणकन पडल्याचा आवाज, आणि शांतता.

पक्या उठून बसला. "अन्या, हे काय होतं?"

मी डोळे मिटून बसलो होतो. म्हटलं, "हे या काळातलं सर्वात मोठं गाणं होतं."

पुढचे सहा महिने मी त्या गाण्यावर जगलो. तो धातूचा आवाज म्हणजे यंत्र. माणसाच्या डोक्यावर चाललेलं यंत्र. खर्ज म्हणजे त्याला गप्प करू पाहणारी सत्ता. मागचं हसणं म्हणजे समाज. याला चहूबाजूंनी धरून ठेवलंय, याच्याकडून काहीतरी हिरावून घेताहेत, आणि हा व्यवस्थेच्या विरोधात ओरडतोय. अशी ही मांडणी होती. मी ती टपरीवर मांडली, कॉलेजच्या कँटीनमध्ये मांडली, बदलापूरला पक्याच्या मावसभावाच्या साखरपुड्यात मांडली. तिथे नवरीकडच्या एका पोराला तर गहिवरून आलं. पक्यानं त्या गाण्याच्या नकला काढून वाटायला सुरुवात केली. आमच्याच मशीनशेजारी दुसरं मशीन ठेवून भरायचा, म्हणजे आवाज तसाच भारदस्त यावा. खरवईच्या कुणी मुलानं ते ऐकून जेवण सोडलं असं पक्या सांगायचा. थोडं पक्याचं सोडून द्या, पण दोन घास तरी त्यानं कमी खाल्ले असणार.

घरात मात्र कदर नव्हती. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "त्या माणसाला कोणी तरी पाणी द्या रे." आणि बाबा?

बाबा अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात सुपरवायझर. कमी बोलणार, आणि बोलले की तिथे विषय संपला. माझं बी.कॉम. होऊन वर्ष होत आलं होतं, आणि मी घरात बसून व्यवस्थेच्या विरोधात होतो. बाबांनी साहेबांशी बोलून माझ्यासाठी स्टोअरमध्ये जागा करून ठेवलेली. मी त्यांना ते गाणं ऐकवलं. म्हटलं, "बाबा, हा टंक टंक ऐका. ही कारखान्यातल्या माणसाची घुसमट आहे. म्हणून मी तिथे जाणार नाही."

बाबांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "आमच्याकडे असा आवाज आला तर मशीन बंद करतो आणि फिटरला बोलावतो."

सांगा आता, अशा माणसाशी काय बोलणार?

पण नशीब बघा. त्याच महिन्यात गोपसेठनं जिन्याखालून बाहेर पडायचं ठरवलं. मेन रोडला मोठं दुकान, काचेची कपाटं, पंखे, माणसाएवढे स्पीकर. मला बोलावून म्हणाला, "साईं, तेरे को बोलने का बहुत शौक है. अंग्रेजी का अलग काउंटर डालता हूँ. ओपनिंग के दिन सबके सामने तेरा टॉप का माल बजा. पब्लिक को पसंद आया तो काउंटर तेरा."

मी उडत घरी आलो. बाबांना सांगितलं. ते बूट काढत होते. म्हणाले, "ओपनिंग कधी?"

"रविवारी."

"ठीक. मी येतो बघायला. सेठनं माझ्यासमोर काउंटर दिलं तर मी पुन्हा कारखान्याचं नाव काढणार नाही. नाही दिलं, तर सोमवारी सकाळच्या पाळीला माझ्याबरोबर निघायचं. चालेल?"

मी म्हटलं, "चालेल." अहो, का नाही चालणार? माझ्याकडे या काळातलं सर्वात मोठं गाणं होतं.

रविवारी आम्ही सगळेच गेलो. आईनं ठेवणीतली साडी नेसली. मामा खास चामटोलीहून आले. त्यांना फार अभिमान. बसमध्ये शेजारच्या माणसाला सांगत होते, "माझ्या मस्कतच्या मशीनवर पोराचा कान तयार झालाय." पक्यानं कॉलेजातली सात-आठ लांब केसांची पोरं जमवून आणली होती. बाकी गोपसेठचे व्यापारी मित्र, त्यांच्या बायका, पेढे, उदबत्ती, आणि मधोमध नवाकोरा चकचकीत डेक.

मी इस्त्रीचा शर्ट घालून पुढे झालो. घसा खाकरला. "मंडळी, आज तुम्ही जे ऐकणार आहात ते घाईतल्या लोकांसाठी नाही. हे दुःखाचं संगीत आहे. ठोक्या-ठोक्यात थांबणारं. पेढा खाऊन झाला असेल तरच ऐका."

आई बाबांकडे बघून हळूच म्हणाली, "छान बोलतो हो." आणि मी प्ले दाबलं.

टिंग टिक टिक टिंग टिक टिक... आणि एक बारीक आवाजाचा पोरगा आनंदानं उड्या मारत गायला लागला.

मी काचेला हात धरला. तोच बँड. तेच गाणं. पण ड्रमवाला कुठेच थांबत नव्हता. विहिरीतून ओढून काढलेले शब्द टपाटप बाहेर पडत होते. गोपसेठच्या वहिनी पायानं ताल धरायला लागल्या. एका व्यापाऱ्याचे खांदे हलले. गोपसेठ खूश होऊन म्हणाला, "अच्छा है यार. नवरात्री में चलेगा."

नवरात्री. लॅडर्स. वरातीत नाचता येणारं गाणं, आणि ते माझ्या हातून.

मी म्हटलं, "सेठ, तुमचं मशीन फास्ट चालतंय."

ओपनिंगच्या दिवशी, व्यापाऱ्यांसमोर, नव्या मशीनला नाव ठेवणं म्हणजे काय ते तुम्हाला उल्हासनगरात राहिल्याशिवाय कळणार नाही. गोपसेठचा चेहरा लाल झाला. त्यानं माझी कॅसेट काढली आणि आरतीची लावली. अगदी बरोबर वेगात, जशी आपण देवळात ऐकतो तशी. एका आजोबांनी हात जोडले.

"अब बोल," गोपसेठ म्हणाला. "मशीन मेरा फास्ट, के तेरा स्लो? घर में कौन सा है?"

"मस्कतचा," मामा मागून अभिमानानं म्हणाले. "याच्या जन्मापासूनचा."

"बेल्ट कभी बदला?"

मामांनी आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.

"बेल्ट ढीला है," गोपसेठनं निकाल दिला. "तू सालों से सब स्लो में सुनता है साईं."

कॉलेजची पोरं खिंकाळायला लागली. पक्या स्वतःच्या चपला निरखत होता. आयुष्यभराची माझी मतं, ते थांबणं, ते दुःख, तो न झोपलेला गायक, सगळं एका ढिल्या रबराच्या पट्ट्यावर उभं होतं. आणि बाबांनी घड्याळात बघितलं. त्या घड्याळात मला सोमवारची सकाळची पाळी दिसली.

शहाणा माणूस इथे थांबला असता की नाही? पेढा घेतला असता, घरी गेला असता. पण मला अजून शेवटच्या गाण्याची खात्री होती. मी म्हटलं, "वेग चुकला असेल, कान चुकलेला नाही. सेठ, फक्त शेवटचं गाणं. त्यावर काय तो निकाल द्या."

गोपसेठ दिलदार माणूस. त्यानं कॅसेट पुन्हा लावली, पुढे पळवली, आणि त्या माणसाएवढ्या स्पीकरचा आवाज स्वतःच्या हातानं वाढवला.

खरखर. मग टंक टंक टंक टंक. कोणीतरी ताट वाजवतंय हे स्वच्छ कळत होतं. कचकचकच, कात्री. मग तो खर्ज, आता अगदी माणसाचा, ओळखीचा, "हुं हुं हुं, झालं झालं रे माझ्या राजा..." बायकांचं खिदळणं. आणि त्यावर तो आवाज.

त्या आवाजाचं वर्णन काय करू? तुमच्या घरात तान्हं मूल असेल तर तुम्ही तो रोज ऐकता.

आणि स्पीकरमधून माझ्या आईचा आवाज आला, आजच्यापेक्षा खूप कोवळा. "दादा, डोकं घट्ट धर त्याचं. अनंता, नाही रे रडायचं. बघ, चिऊ बघ."

खरी आई माझ्या मागे उभी होती. ती म्हणाली, "अगं बाई. हे तर अनंताचं जावळ."

"आणि हा माझा आवाज," मामा दोन पावलं पुढे आले. आनंदानं त्यांना उभं राहवेना. "सेठ, मीच भरलं होतं हे. नवीन मशीन आणलं त्या दिवशी, आमच्या चामटोलीच्या ओटीवर. हा माझ्या मांडीवर होता. मस्कतची पँट होती माझी, पार भिजवली यानं."

मग जे हसणं उठलं ना, ते अजून माझ्या कानात आहे. व्यापारी हसले, वहिनी हसल्या, आजोबांनी जोडलेले हात पोटावर ठेवले. लांब केसांची पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती. व्यवस्थेच्या विरोधात ओरडणारा तो महान गायक मी होतो, आणि व्यवस्था म्हणजे चामटोलीचा न्हावी. मी डेक बंद करायला हात पुढे केला.

"बंद करू नको," आई म्हणाली.

तिचा आवाज ऐकून सगळे गप्प झाले. कॅसेटमध्ये एक म्हातारी बाई म्हणत होती, "पुरे करा आता, दृष्ट काढा पोराची माझ्या." ती माझी आजी. आईची आई. मी कॉलेजात जायच्या आधीच ती गेली. आईनं पदर तोंडाला लावला होता आणि ती हसतही होती. "कॅसेट हरवली म्हणून मी किती शोधली रे," एवढंच म्हणाली.

शेवटी ते भांडं पडलं. मी न्हाव्याच्या वाटीला लाथ मारली होती, असं मामांनी सर्वांना समजावून सांगितलं. खरखर सुरू झाली.

आता बाबांकडे बघायची माझी हिंमत नव्हती. पण बाबा काउंटरशी आले. गोपसेठला म्हणाले, "त्या दिवशी मला रजा मिळाली नव्हती. मी नव्हतो तिथे." डेककडे बोट केलं. "जरा पुन्हा लावता का?"

गोपसेठनं लावलं. आणि अख्ख्या दुकानानं माझं गाणं पहिल्यापासून ऐकलं, या वेळी कोणी हसलं नाही. सांगतो तुम्हाला, छाती भरून आली माझी. आल्टरनेटिव्हमध्ये फर्माइशीनं गाणं पुन्हा लावलं गेल्याचं उदाहरण मला तरी दुसरं ठाऊक नाही. आणि माझं परीक्षण तरी कुठे चुकलं होतं? चहूबाजूंनी धरलं होतं. डोक्यावर धातू चालला होता. हिरावून घेत होते. समाज हसत होता. सगळं बरोबर. गायक कोण, एवढंच काय ते राहून गेलं.

मी गोपसेठला म्हटलं, "सेठ, मी निघतो. काउंटरचं जाऊ द्या."

"जाने दो क्यों?" गोपसेठ म्हणाला. "तेरे को अंग्रेजी का घंटा समझता है, वो तो सबने देखा. पर तेरा ये दोस्त बोलता है, छह महीने से विठ्ठलवाडी से बदलापूर तक लोग ये टेप माँगते हैं. जो आदमी पब्लिक को अपना खुद का रोना बेच सकता है, उसको मैं दूसरी दुकान में जाने दूँ? काउंटर तेरा."

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी मान डोलावली. कारखान्याचं नाव त्यांनी त्या दिवसानंतर खरंच काढलं नाही.

"पर अंग्रेजी नहीं," गोपसेठ पुढे म्हणाला. "तू बालगीत संभाल."

सगळे पुन्हा हसले, आणि मीही हसलो. काय करणार? काउंटर ते काउंटर. बाजूलाच इंग्रजीचं कपाट होतं, मान वळवली की दिसायचं.

गर्दी पांगायला लागली. आई वहिनींना जावळाची गोष्ट पहिल्यापासून सांगत होती. तेवढ्यात दारातून एक दाढीवाला मुलगा घामाघूम होऊन आत आला. पाठीला झोळी. बदलापूरहून आला होता, आणि ओपनिंगला उशीर झाला म्हणून हळहळत होता. त्याला आत काय झालं याचा पत्ताच नव्हता. माझे बाबा काउंटरशी उभे, हातात पेढ्यांचा बॉक्स. त्याला वाटलं हेच दुकानाचे मालक.

"काका," तो म्हणाला, "ते गाणं आहे का तुमच्याकडे? कॅसेट संपल्यावर येतं ते. त्या माणसाचं. मी पक्याकडून ऐकलं. तसं गाणारा माणूस मी आयुष्यात ऐकलेला नाही."

"आहे," बाबा म्हणाले.

मुलाचे डोळे चमकले. "त्याचं पुढचं काही आलंय का? दुसरी कॅसेट वगैरे?"

बाबांनी त्याच्या हातावर पेढा ठेवला. माझ्याकडे एकदा खालून वरपर्यंत बघितलं आणि मान ताठ करून, इतक्या अभिमानानं सांगितलं की मला अजून ठरवता येत नाही, हसावं की रडावं.

"नाही," बाबा म्हणाले. "त्यानंतर त्यानं काहीच केलं नाही."